खान्देशच्या उन्हाळ्यात कोंबुचा का बिघडतो आणि तो कसा सावरावा

गेली सहा वर्षे मी जळगावात घरी कोंबुचा करतो आहे आणि त्यांपैकी पहिली तीन वर्षे माझी तक्रार एकच होती. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दहा ते चौदा दिवसांत नेमाने तयार होणारा हा आंबटगोड, किंचित फसफसणारा चहा चैत्र लागताच हाताबाहेर जात असे. चौथ्या दिवशीच तो घशाला झोंबेल इतका आंबट होई. आंबणाऱ्या चहावर सायीसारखी धरणारी चकती कागदासारखी पातळ धरे आणि चमचा लागताच फाटे. बरणीच्या तळाशी तपकिरी गाळाचा जाड थर बसे. आणि फडके काढताच सफरचंदासारखा हलका वास येण्याऐवजी नेलपॉलिश पुसण्याच्या द्रावणासारखा उग्र दर्प येई. भुसावळ, चोपडा, शिरपूर आणि धुळे येथे कोंबुचा करणाऱ्या ओळखीच्या मंडळींशी बोलताना हीच लक्षणे, याच महिन्यांत, जवळजवळ याच क्रमाने ऐकायला मिळाली, म्हणून या एकाच दुखण्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला मी दोष चकतीला, म्हणजे ज्याला सगळे स्कोबी किंवा मदर म्हणतात तिला दिला. दोनदा ती फेकून नवी आणली. मग चहाची पूड बदलली, साखर बदलली, पाणी उकळून घेतले, बरणी बदलली. नवी चकती पहिल्या खेपेला बरी चाले आणि तिसऱ्या खेपेला तिचीही तीच गत होई. यावल तालुक्यात माझी मावशी राहते. तिचे घर जुने, धाब्याचे आहे. एका एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी एकाच पातेल्यातला चहा, एकाच बरणीतले विरजण, म्हणजे आधीच्या खेपेचे आंबट पाणी, आणि एकाच चकतीचे दोन तुकडे दोन बरण्यांत भरले. एक घरी ठेवली आणि दुसरी मावशीच्या माजघरात नेऊन ठेवली. माझी बरणी पाचव्या दिवशी ओतून द्यावी लागली. मावशीकडची आठव्या दिवशी चाखली, तेव्हा ती कार्तिकातल्या चवीची होती आणि वर अर्धा सेंटिमीटर जाडीची, दुधावरच्या सायीसारखी सलग चकती आलेली होती. मावशीने माझे स्वयंपाकघर कितव्या मजल्यावर आहे, त्याची भिंत कोणत्या दिशेला आहे, एवढेच विचारले आणि म्हणाली, "तुन्हं घरच तपस." म्हणजे तुझं घरच तापतं.

निदान तेवढेच होते. नंतर मी दोन्हीकडे तापमापी ठेवून पाहिली. बाहेर 42 अंश सेल्सिअस असताना मावशीच्या माजघरात 31 अंश होते, आणि सरे, काटक्या व हातभर मातीच्या त्या धाब्याखाली ते दिवसभरात फारसे हलले नाही. माझ्या स्लॅबच्या, पश्चिमेला भिंत असलेल्या स्वयंपाकघरात दुपारी 38 अंश होते आणि रात्री अकरा वाजताही 35 च्या खाली उतरले नव्हते. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्रभर ती घरात सोडतो. दुपारचा चटका आपल्याला जाणवतो, पण बरणीचे खरे नुकसान ही न उतरणारी रात्र करते.

बरणीत नेमके काय घडते, हे समजले की पुढचे उपाय आपोआप सुचतात. कोंबुचात यीस्ट आणि ॲसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू एकत्र नांदतात. यीस्ट साखरेची फोड करून तिच्यापासून थोडा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. जिवाणू त्या अल्कोहोलचे आम्ल करतात आणि वर सेल्युलोजची चकती विणतात. हे जिवाणू साधारण 25 ते 30 अंशांत सुखाने काम करतात. पस्तिशीच्या आसपास त्यांतले पुष्कळ थकतात आणि चकती विणणे तर आधी थांबते; उरलेले आम्ल करत राहतात, पण यीस्टला त्या उष्णतेत अधिकच जोर चढतो. म्हणून उन्हाळ्यात गाळ वाढतो, वायू वाढतो, चकती मात्र धरत नाही. अल्कोहोल आणि आम्ल दोन्ही भराभर तयार होत राहिल्याने त्यांच्या संयोगातून इथाइल ॲसिटेट हे द्रव्य निर्माण होते आणि नेलपॉलिशचा तो दर्प त्याचाच असतो. शिवाय आपण पुढच्या खेपेचे विरजण याच बिघडलेल्या बरणीतून घेतो, त्यामुळे यीस्टचे पारडे खेपेगणिक जड होत जाते. नवी चकती तिसऱ्या खेपेला का बिघडते, याचे उत्तर इथे आहे.

आता एका चुकीविषयी, जी मी स्वतः दोन उन्हाळे केली आणि जी आपल्याकडे होणे अगदी स्वाभाविक आहे. दही लावताना उन्हाळ्यात आपण विरजण कमी घालतो, कारण जास्त घातले तर दही आंबट होते. हाच न्याय कोंबुचाला लावून अनेक जण एप्रिलमध्ये एका लिटरला दोन चमचे जुने पाणी घालतात. तसे मुळीच करू नये. दुधात विरजण केवळ सुरुवात करून देते. कोंबुचात जुने आंबट पाणी पहिल्या दिवसापासून संरक्षण करते. गोड, कोमट चहा ही बुरशीला अतिशय आवडणारी जागा आहे आणि तिला रोखणारे पहिले साधन म्हणजे आंबटपणा. विरजण घातल्यावर चहाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 4.2 किंवा त्याहून कमी असला पाहिजे. माझे प्रमाण बाराही महिने एका लिटर पाण्याला 8 ग्रॅम साधी चहापूड, 60 ग्रॅम साखर आणि 150 ते 200 मिलिलिटर विरजण असे आहे. ते विरजण मी बरणीच्या वरच्या थरातून घेतो, ढवळून किंवा तळातून कधीही घेत नाही, कारण तळाच्या गाळात यीस्ट साठलेले असते. पीएचच्या पट्ट्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात आणि एक पुडा वर्षभर पुरतो.

दुसरी चूक चहा निवण्याच्या बाबतीत होते. सगळीकडे असे सांगितलेले असते की चहा खोलीच्या तापमानाला आल्यावर त्यात चकती सोडावी. आमच्या खोलीचेच तापमान 38 अंश असेल, तर हा सल्ला निरुपयोगी ठरतो. बोट बुडवूनही काही कळत नाही, कारण बोटाला तो चहा थंडच वाटतो. त्यात भर म्हणजे चहा पातळ करायला घेतलेले नळाचे पाणी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी तीन वाजता येणारे पाणी हात भाजेल इतके तापलेले असते. मी आता रात्री एक तृतीयांश पाण्यात साखर घालून कडक कोरा चहा करतो आणि उरलेले दोन तृतीयांश पाणी आदल्या दिवशी उकळून, झाकून माठात ठेवलेले घालतो. दहा-पंधरा मिनिटे उकळल्याने पालिकेच्या पाण्यातला क्लोरीनही निघून जातो. दोन्ही एकत्र केल्यावर तापमापी 30 च्या खाली आली, तरच विरजण आणि चकती घालतो. बोअरचे पाणी फार जड असेल, तर त्यातले क्षार आम्लाला खाऊन टाकतात आणि पीएच लवकर उतरत नाही. अशा ठिकाणी पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी घ्यावे.

मुख्य प्रश्न बरणी थंड ठेवण्याचा. वातानुकूलित खोली असेल तर तो सुटतोच, पण आठ दिवस रात्रंदिवस ते यंत्र चालवणे कोणालाही परवडणारे नाही, आणि सुदैवाने आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची गरजही नाही. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वाने बरणीही गार होते. एका रुंद परातीत चार बोटे पाणी घ्यावे, मधोमध बरणी ठेवावी आणि जाड सुती कापडाचा, शक्यतो जुन्या धोतराचा किंवा पंचाचा, एक थर बरणीभोवती असा गुंडाळावा की त्याचे खालचे टोक पाण्यात बुडेल. कापड पाणी वर ओढते, कोरडी हवा ते उडवते आणि उडताना ते बरणीची उष्णता घेऊन जाते. मंद पंखा बरणीवर येईल असा ठेवला तर माझ्या घरी बरणीच्या आतला चहा खोलीपेक्षा 7 ते 8 अंशांनी खाली राहतो. 37 च्या खोलीत 29 किंवा 30.

यात एक बारकावा आहे आणि तो न पाळल्याने माझी एक संपूर्ण बरणी गेली. ओले कापड बरणीच्या खांद्यापर्यंतच असावे. ते वर सरकून तोंडावरच्या फडक्याला टेकले, की ते फडकेही ओल ओढते, आणि ओल्या फडक्यावर दोन दिवसांत काळी बुरशी धरते, जी तिथून खाली पडते. म्हणून मी खांद्यावर नाडीने कापड आवळून बांधतो आणि वर दोन बोटे काच कोरडी सोडतो. परातीतले पाणी रोज सकाळी बदलावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात. कूलरच्या थेट झोतात मात्र बरणी ठेवू नये. कूलरची हवा दमट असते, त्यामुळे कापडातले पाणी उडत नाही, आणि त्याच्या वाळ्यातली धूळ व बुरशी थेट फडक्यावर येते.

जागा निवडताना ओट्यावरची, फ्रीजवरची आणि पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा टाळावी. उष्ण हवा वर जाते, म्हणून आतल्या खोलीत, फरशीवर, उत्तरेच्या भिंतीशी ठेवलेली परात तीन-चार अंशांचा फरक करून जाते. तळमजल्यावर कोणी नातेवाईक राहत असतील, तर दोन महिन्यांसाठी बरणी त्यांच्याकडे ठेवण्यात संकोच करू नये.

एवढे केल्यावरही उन्हाळ्यात दिवस मोजून चालत नाही. हिवाळ्यात मी दहाव्या दिवशी पहिल्यांदा चव घेतो. एप्रिल-मे महिन्यांत तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी स्वच्छ काचेची नळी चकतीच्या कडेने आत सोडून एक घोट चाखतो. गोडी आणि आंबटपणा सारखे वाटू लागले आणि पट्टीवर पीएच 3.2 ते 3.4 दिसला, की त्याच दिवशी गाळून बाटल्यांत भरतो. संध्याकाळपर्यंत थांबले तरी चव पुढे सरकलेली असते.

बाटल्या फुटण्याविषयी

हा भाग केवळ चवीचा नाही, इजेचा आहे, म्हणून थोडा लांबवतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास माझी काचेची एक बाटली ओट्यावर फुटली. आम्ही सगळे आतल्या खोलीत होतो म्हणून कोणाला लागले नाही, पण सहा फुटांवरच्या उघड्या कळण्याच्या पिठाच्या डब्यात काच सापडली आणि डबाभर पीठ टाकून द्यावे लागले. त्या बाटलीत मी लिंबू, आले आणि एक चमचा साखर घातली होती, आणि ती एक चमचा साखर जास्त झाली असे मी कितीतरी दिवस समजत होतो. हिशेब मांडल्यावर निराळेच चित्र दिसले. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली की जवळजवळ अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे लिटरमागे 4 ग्रॅम साखर त्या पेयात त्याच्या आकारमानाएवढा वायू भरते. बिअरमध्ये साधारण अडीचपट वायू असतो आणि त्यासाठी लिटरमागे 10 ग्रॅम साखर पुरते. लवकर उतरवलेल्या कोंबुचात मूळच्या 60 ग्रॅमपैकी अर्ध्याहून अधिक साखर तशीच शिल्लक असू शकते. थंडीत यीस्ट तिला हळूहळू हात घालते. 38 अंशांच्या स्वयंपाकघरात ते थांबतच नाही. चमचाभर साखरेने केवळ सुरुवात करून दिली होती.

त्यावर उष्णतेचा दुसरा परिणाम होतो. वायू थंड पाण्यात अधिक विरघळतो आणि गरम पाण्यातून बाहेर पडतो. अडीचपट वायू असलेली बाटली फ्रीजमध्ये 4 अंशांना ठेवली, तर आतला दाब बाहेरच्या हवेच्या पावणेदोन पट असतो. तीच बाटली 40 अंशांच्या खोलीत राहिली, तर तो साडेचार पटींच्या वर जातो. वायू तेवढाच, पण दाब जवळजवळ तिप्पट होतो. फ्रीजमधून काढलेली बाटली जेवणाच्या टेबलावर विसरणे किंवा गाडीच्या डिकीत ठेवून पाहुण्यांकडे नेणे किती धोक्याचे आहे, ते यावरून लक्षात यावे.

म्हणून होळीपासून पहिल्या पावसापर्यंत मी कोंबुचा सोडावॉटरच्या प्लास्टिकच्या बाटल्यांतच भरतो, कारण त्या दाब सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि अंगठ्याने दाबून पाहिल्यावर आत किती वायू झाला ते कळते. सरबताच्या चौकोनी काचेच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या आणि सॉसच्या बाटल्या या कामासाठी कधीही वापरू नयेत. बाटलीत वरून साखर घालत नाही. लिंबाचा रस, आल्याचा कीस किंवा सातपुड्यातून येणाऱ्या जांभळांचा थोडा गाळलेला रस एवढेच घालतो. खोलीत ती बारा तास, फार तर एक दिवस ठेवतो. अंगठ्याला बाटली नव्या सोड्याच्या बाटलीसारखी कडक लागली की फ्रीजमध्ये टाकतो, आणि पूर्ण दिवसभर गार झाल्याशिवाय उघडत नाही.

केळी घालण्याचा मोह रावेर-यावलकडच्या माणसाला होणारच. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळे पिकल्यावर अतिशय गोड होते, आणि ती सगळी साखर यीस्टच्या स्वाधीन होते. शिवाय गराचे बारीक कण बाटलीत राहिले तर उघडताच अर्धी बाटली फेस होऊन बाहेर येते. केळे घालायचेच असेल तर ते बरणीत, झाकण न लावता एक रात्र ठेवावे, दुहेरी फडक्यातून गाळावे आणि ते पेय त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे.

बंद बाटली उष्णतेत जास्त वेळ राहिली, तर अल्कोहोलचे प्रमाणही अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ शकते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि ज्यांची रोगप्रतिकारशक्ती कमी आहे अशा व्यक्तींना घरचा कोंबुचा देऊ नये. धट्ट्याकट्ट्या माणसालाही दिवसाला एक लहान पेला पुरेसा आहे.

वर आलेले नेमके काय आहे

चिंतेचे प्रश्न बहुतेक वेळा वरच्या थराविषयी असतात. नवी चकती ओली, गुळगुळीत आणि अर्धपारदर्शक असते. तिच्यात बुडबुडे, छिद्रे किंवा खाली लोंबणारे तपकिरी धागे असले तरी घाबरू नये, ते धागे यीस्टचे असतात. पांढरी, कोरडी दिसणारी, पिठासारखी आणि सुरकुतलेली साय आली तर ते निराळे, नको असलेले यीस्ट असते. ते घातक नसले तरी चव बिघडवते. ती साय काढून टाकावी आणि पुढच्या खेपेला विरजण वाढवावे. बुरशी मात्र केसाळ असते, कोरडी असते, पृष्ठभागाच्या वर उठलेली असते आणि तिचे हिरवे, काळे किंवा राखाडी ठिपके गोल असतात. तसा एकही ठिपका दिसला, तर चहा, चकती आणि फडके सगळे फेकून द्यावे, बरणी उकळत्या पाण्याने धुवावी आणि दुसऱ्या बरणीतल्या विरजणापासून सुरुवात करावी. वरचा भाग कापून खालचे वापरण्याचा विचारही करू नये.

चिलटांचे सांगायचे तर घरात केळी, आंबे असल्यावर ती येणारच. विरळ मलमल त्यांना अडवत नाही. दाट विणीच्या सुती कापडाच्या दोन घड्या रबराने घट्ट बांधाव्यात. चकतीवर अळ्या दिसल्या तर तीही बरणी फेकावी.

लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी वापरू नये, कारण जुन्या लुकणातले शिसे आम्लात उतरू शकते; तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडीही वर्ज्य समजावीत. गूळ चविष्ट लागतो, परंतु घडी बसेपर्यंत पांढरी साखरच घ्यावी.

एकदा अशक्त झालेली चकती फेकण्याची गरज सहसा नसते. ती बरणीतून काढून कोमट उकळलेल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावी, तळाचा सगळा गाळ ओतून द्यावा, वरचे स्वच्छ आंबट पाणी कापडातून गाळून घ्यावे आणि पुढची खेप लहान, अर्ध्या लिटरची, पण दीडशे मिलिलिटर विरजण घालून परातीतल्या थंडाव्यात लावावी. अशा दोन लहान खेपांनंतर माझ्याकडे चकती पुन्हा जाड धरू लागली. मे महिना झेपत नसेल तर चकती भरपूर जुन्या आंबट पाण्यात बुडवून घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी आणि दर पंधरा दिवसांनी कपभर गार गोड चहा घालत राहावा. दोन महिने ती आरामात टिकते.

प्रमाणाबाहेर आंबट झालेला कोंबुचा वाया जात नाही. काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीत तो व्हिनेगरच्या जागी चांगला लागतो आणि वरच्या थरातून घेतला तर पुढच्या खेपेचे विरजण म्हणून तो सर्वोत्तम असतो. फक्त टिकाऊ लोणच्यात तो घालू नये, कारण त्याची आम्लता दर खेपेला वेगळी असते.

मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की ओले कापड आणि परात दोन्ही काढून टाकावीत. तेव्हा कापडातले पाणी उडत नाही, बरणी गार होत नाही आणि उरते ती केवळ ओल. त्या दिवसांत बरणी कोरड्या, हवेशीर जागी ठेवून तोंडावरचे फडके दर तिसऱ्या दिवशी उकळून वाळवलेल्या फडक्याने बदलावे; तापमान तोवर तिशीपर्यंत आपणच उतरलेले असते.